हडर्सफिल्डकरांशी गप्पा

अंबरनाथच्या मोरिवली एमआयडीसीत रंगधंद्याला लागणारी इंटरमीडिएट्स बनवणारा आमचा कारखाना आहे. ‘आमचा’ म्हणजे मी तिथे नोकरीला आहे. एक्स्पोर्टचे कागद बघते: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बी. एल. म्हणजे बिल ऑफ लेडिंग, ड्रमवरची लेबलं, आणि कंटेनर न्हावा शेवा बंदरात वेळेत पोचतो की नाही याची धाकधूक. गिऱ्हाइकांपैकी एक इंग्लंडातल्या हडर्सफिल्डचं. यॉर्कशायरमधलं हे गाव उंची सुटिंगसाठी नावाजलेलं, आणि एके काळी रंगांसाठीही. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे रंग यायचे बंद झाले तेव्हा १९१५ साली ब्रिटिश सरकारने ‘ब्रिटिश डाइज’ नावाची कंपनी उभी केली, ती याच गावातला कारखाना ताब्यात घेऊन. आता माल आम्ही इकडून पाठवतो.

तिकडच्या खरेदी खात्यातल्या गृहस्थांशी दर सोमवारी दुपारी माझं फोनवर बोलणं होतं. ‘नावानेच हाक मार’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला जीभ रेटेना, ‘सर’ त्यांना चालेना, म्हणून कितीतरी दिवस मी त्यांना कशानेच हाक मारली नाही. घरी मात्र त्यांचं नाव पडलं हडर्सफिल्डकर. फुटबॉल, सिनेमा आणि टीव्हीवरच्या मालिका, या तीन विषयांपलीकडे आमचं बोलणं क्वचितच गेलं. त्यातून जे कळलं ते असं.

१. कामाचा फोन कामापासून सुरू होत नाही, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. आमच्याकडे फोन उचलला की ‘हां, बोला’, आणि पलीकडचा थेट टँकर कुठवर आला त्यावर. गप्पा आम्हीही मारतो. सकाळच्या लोकलमधल्या कुठल्याही ग्रुपचं अंबरनाथ ते घाटकोपर तोंड मिटत नाही, पण तो कप्पा वेगळा आणि कामाचा वेगळा. हडर्सफिल्डकर विचारायचे, शनिवार-रविवार कसा गेला? मी ‘छान’ म्हणून लगेच बी. एल.च्या ड्राफ्टवर यायचे. पलीकडे शांतता. मग ते पुन्हा शनिवारच्या मॅचवर जायचे, मी पुन्हा बी. एल.वर. हळूहळू लक्षात आलं की खरी तक्रार मॅचच्या शेपटाला बांधून येते. ‘गोलकीपरचं काही खरं नाही... आणि हो, मागच्या खेपेतले दोन ड्रम जरा ओलसर होते.’ हे ‘जरा’ ऐकलं की मी क्वालिटीवाल्यांना हातातलं सगळं टाकून बोलावून घेते.

२. माहिती जमवली म्हणजे गप्पा जमतात असं नाही. मी अभ्यासू बाई. वहीत गुणतक्ता उतरवला, खेळाडूंची नावं घोकली, हडर्सफिल्ड टाउनचा इतिहास वाचला. इंग्लिश लीग सलग तीनदा जिंकणारा पहिला संघ हाच: १९२४, १९२५, १९२६. सोमवारी सगळं धडाधड म्हणून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, ‘हो, पण तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे होतं.’ त्यांचा जन्म त्यानंतर तीसेक वर्षांनी झालाय हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत ते पॅलेटच्या मापांवर पोचले होते. तिकडे गप्पांमध्ये कोणी कोणाला माहिती देत नाही. दोघांनाही जे ठाऊक आहे त्याबद्दल मिळून कुरकुरायचं असतं. माझ्याकडे माहिती भरपूर होती, कुरकुर काहीच नव्हती.

३. कुरकुर सापडली ती माहेरी, कोल्हापुरात. मंगळवार पेठेत माझं आजोळ. लहानपणी मामाबरोबर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मी पाटाकडील तालमीचे सामने बघितलेत. शेंगदाण्याची पुडी, उन्हाने तापलेला दगड, आणि रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार. महाराष्ट्रात बाकी सगळीकडे क्रिकेट असताना कोल्हापूर फुटबॉलवेडं का, याचा उलगडा मला नीटसा झालेला नाही. पण तालमी कुस्तीच्या आणि संघ त्याच तालमींचे, म्हणजे आखाड्यातली ईर्ष्या तशीच मैदानात उतरली, हे एक असावं. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ: ही नावं ऐकून बाहेरच्याला गणेशोत्सवाची मिरवणूक वाटेल. मंगळवार पेठेतला पोरगा शिवाजी पेठेच्या संघाला टाळी वाजवत नाही. मामाचं म्हणणं, संघ रेशनकार्डासारखा असतो. आवडला म्हणून दुसऱ्या वॉर्डातून काढता येत नाही.

हे मी हडर्सफिल्डकरांना सांगितलं आणि पहिल्यांदाच त्यांनी मला प्रश्नामागून प्रश्न विचारले. दोन पेठांमध्ये अंतर किती? पोलीस लागतात का? लागतात, म्हटलं, कधी कधी राडा इतका होतो की स्पर्धाच थांबवतात. त्यावर ते समाधानाने ‘अच्छा’ अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटले. त्यांच्या वडिलांनी त्यांना टाउनच्या मैदानावर नेलं होतं, वडिलांना आजोबांनी. लीड्स तिथून जेमतेम अर्ध्या तासावर, संघ जास्त नावाजलेला, पण तिकडे बघायचंसुद्धा नाही. इंग्लंडबद्दल मी जे काही वाचलं होतं त्यातलं एक अक्षर त्या दिवशी कामी आलं नाही. कामी आला मामा. आता मामाही फोनवर विचारतो, ‘काय गं, तुझं ते हडरसफिल्ड हरलं न्हवं परत?’

४. इंग्लंडमधली मॅच बघायला मोरिवली ही इंग्लंडपेक्षा बरी जागा आहे, यावर माझा आधी विश्वासच बसला नाही. तिकडे शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. १९६०च्या दशकात बर्न्ली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला: मोठ्या संघाची मॅच घरबसल्या दिसली तर गावोगावच्या छोट्या मैदानांवर तिकीट काढून कोण येणार? तो नियम तेव्हापासून टिकून आहे. आणि तीनचा सामना ही तर तिथली खानदानी वेळ! म्हणजे प्रीमियर लीगची जी मॅच जगभर दिसते, ती ज्या देशात चाललीये त्याच देशात दिसत नाही.

२०१७ साली हडर्सफिल्ड टाउन पहिल्यांदाच प्रीमियर लीगमध्ये चढलं. पहिला सामना १२ ऑगस्टला, लंडनमध्ये, क्रिस्टल पॅलेसशी. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. घरात ती वेळ मालिकांची. टीव्हीचा रिमोट सासूबाईंच्या हातात आणि पडद्यावर ‘तुझ्यात जीव रंगला’. तेव्हा टीव्हीत कोल्हापूर, माझ्या फोनवर हडर्सफिल्ड आणि मध्ये मी भाजी निवडत. टाउन ३-० जिंकलं. मुनिए नावाच्या नव्या खेळाडूने दोन गोल केले, मी मेथीची जुडी हातात घेऊन ओरडले, आणि सासूबाईंना वाटलं मालिकेतलंच काहीतरी.

सोमवारी हडर्सफिल्डकर म्हणाले, त्यांनी मॅच स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकली. रात्री बीबीसीवर ‘मॅच ऑफ द डे’मध्ये गोल पाहिलेच, तरीही विचारत राहिले: तिसऱ्या गोलच्या आधी काय झालं? पॅलेसचे लोक उठून जात होते का? ‘मी ते नंतर पाहिलं. तू होताना पाहिलंस,’ म्हणाले. प्रीमियर लीगच्या त्या दोन हंगामांत मी त्यांची शनिवारची डोळस माणूस होते. एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनच्या नोकरीत असं मानाचं पद दुसरं कुठलं मिळालं नाही.

५. मोठी गोष्ट बारीक करून सांगायची त्यांना इतकी सवय, की ऐकणाऱ्याने मनात गुणाकार करावा. २०१८-१९ च्या हंगामात टाउनने ३८ सामन्यांत १६ गुण मिळवले आणि मार्चअखेरीलाच, सहा सामने शिल्लक असताना, खालच्या लीगमध्ये जाणं नक्की झालं. यावर त्यांचा शेरा: ‘थोडा अवघड हंगाम.’ आम्ही कोल्हापूरकर नुसता चहा पांचट झाला तरी याहून जास्त बोलतो.

२०१९च्याच जुलैत, २७ तारखेला, मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून जास्त माणसं डब्यांत, चहूकडे उल्हास नदीचं पाणी, एनडीआरएफच्या बोटी, नौदल. ती माझ्या माहेरची गाडी. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी, वीज गेलेली, आणि मामाचे फोनवर फोन. सोमवारी हडर्सफिल्डकर म्हणाले, ‘तुमच्याकडे जरा ओलं झालं म्हणे.’ बातम्यांत बघितलं होतं त्यांनी सगळं. मी म्हटलं, ‘हो, थोडंसं.’ आणि मग दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर वाटलं, आपण बिघडलो.

६. मालिका न बघणारी माणसं मालिकेतलं सगळं जाणून असतात, हा नियम अंबरनाथपासून यॉर्कशायरपर्यंत सारखाच लागू. आमचे सासरे काडेपेट्यांच्या विम्कोतून निवृत्त झालेले. मालिका चालू असली की पेपर उघडून बसतात, ‘काय त्या रडक्या बायका’ म्हणतात. पण सासूबाईंचा एखादा भाग चुकला तर कथा तेच सांगतात, संवादासकट. हडर्सफिल्डकरही ‘कोरोनेशन स्ट्रीट’ बघत नाहीत. बायको बघते, आणि ते त्याच खोलीत नुसते असतात. ही मालिका ९ डिसेंबर १९६० पासून चालू आहे. पहिल्या भागातला केन बार्लो नावाचा तरुण तोच नट, विल्यम रोच, करत आलाय. आपली ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांवर भाग चालली तेव्हा आपण डोक्याला हात लावला होता! ‘कोरोनेशन स्ट्रीट’ लँकशायरकडची, म्हणजे यॉर्कशायरवाल्यांना शत्रुपक्षाची. त्यांची घरची म्हणजे ‘एमरडेल’. तीही ते बघत नाहीत आणि तीही त्यांना पाठ आहे.

एका मालिकेबद्दल मात्र ते उघड बोलतात. गावाजवळच्या होमफर्थमध्ये १९७३ ते २०१० अशी सदतीस वर्षं ‘लास्ट ऑफ द समर वाइन’चं शूटिंग चाललं. तीन म्हातारे डोंगरातून उनाडक्या करत फिरतात, बस, एवढंच. ती बघून येणाऱ्या पर्यटकांना ते हसतात. वाईच्या घाटावर सिनेमांचं शूटिंग बघत मोठा झालेला माणूस पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना जसा हसतो, अगदी तसेच.

७. सिनेमावर आमचं बोलणं एका वाक्याचं असायचं. ‘पाहिलास?’ ‘पाहिला.’ ‘ठीक आहे.’ पॅट्रिक स्टुअर्ट हा नट त्यांच्याच भागातला आणि टाउनचाच चाहता, म्हणून ‘एक्स-मेन’ चांगला. इतकं साधं समीक्षाशास्त्र. एकदा त्यांनी ‘केस’ बघायला सांगितला. केन लोचचा, १९६९चा. हडर्सफिल्डहून जवळच्याच बार्न्स्लीतला. कोळशाच्या खाणीच्या गावातला बिली नावाचा पोरगा, घरी मार, शाळेत मार, आणि त्याने माणसाळवलेला एक ससाणा. त्यात फुटबॉलचा एक लांबलचक प्रसंग आहे. शाळेचे पी. टी.चे मास्तर स्वतःला बॉबी चार्ल्टन समजून लाल शर्ट घालून पोरांमध्ये खेळतात, स्वतःच रेफरी, स्वतःच पेनल्टी घेणार, चुकली तर परत घेणार. मी रात्री एकटी खदाखदा हसले आणि पुढच्या अर्ध्या तासात हसू कुठल्या कुठे गेलं. बोली इतकी गावरान की सबटायटलशिवाय एक शब्द कळला नाही.

सोमवारी त्यांना म्हटलं, आमच्याकडेही असा एक पोरगा आणि एक पाखरू आहे. नागराज मंजुळेचा ‘फँड्री’, २०१३चा. जब्या काळ्या चिमणीमागे रानोमाळ फिरतो, आणि डुक्कर धरायची वेळ येते तेव्हा अख्खं गाव तमाशा बघायला जमतं. त्यांनी तो मिळवून पाहिला. पुढच्या सोमवारी शेरा आला, ‘पोरगा छान आहे’, आणि मग सगळा वेळ डाव्या बॅकच्या दुखऱ्या गुडघ्यावर. मी मनातल्या मनात जराशी खट्टू झाले. बऱ्याच दिवसांनी, रिबेटचा हिशेब चालू असताना मध्येच म्हणाले, ‘फँड्रीतल्या त्या शेवटच्या दगडाचं काय करावं ते अजून ठरत नाहीये.’ मग थोडं थांबून, ‘माझे वडील खाणीत होते. मला तिथे उतरू दिलं नाही त्यांनी.’ आणि परत रिबेट. इतक्या वर्षांत वडिलांच्या कामाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एवढंच.

८. टीव्हीवरची मालिका बघून कोणी कायदा करेल हे मी हसण्यावारी नेलं असतं. जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्हीवर चार भागांची ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ दाखवली गेली. पोस्ट ऑफिसने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली बसवली होती. तिच्यात गल्लीबोळातल्या पोस्टांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली, आणि ती पोस्टं चालवणाऱ्या ९०० हून जास्त लोकांवर चोरी-अफरातफरीचे गुन्हे शाबित झाले. कोणी तुरुंगात गेलं, कोणी घर विकून पैसे भरले. ॲलन बेट्स या पोस्टमास्तरने वीस वर्षं लढा दिला. मालिका संपली, आणि २४ मे २०२४ ला त्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा झाला.

मालिकेनंतरच्या सोमवारी हडर्सफिल्डकरांनी मॅचचं नावसुद्धा काढलं नाही. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. पेपरांत हे कधीपासून येत होतं, म्हणाले, मी वाचायचो आणि खेळाचं पान उलटायचो. माझ्यापुरतं सांगायचं तर महिनाअखेरीला सिस्टीममधले ड्रम आणि गोडाउनमधले ड्रम जुळेनात की पोटात कसा गोळा येतो ते मला ठाऊक आहे. मशीन चुकतं हे कोणी ऐकून घेत नाही, आधी बाईकडे बघतात. त्यामुळे त्या दिवशी मी पाचाची पंधरा मिनिटं झाली तरी कामावर आले नाही. माझ्या साहेबांनी काचेतून घड्याळ दाखवलं, मी मान फिरवली.

९. हडर्सफिल्डकरांना मुलं किती? हा प्रश्न सासूबाईंनी मला अगदी सुरुवातीलाच विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या गोलकीपरला दुसरा मुलगा झाला हे मला माहीत होतं. आपल्याकडे कल्याणहून बदलापूर येईस्तोवर शेजारच्या अनोळखी बाईची सून काय करते, नणंद कुठे दिली आणि पित्ताशयात खडा किती मिलिमीटरचा, एवढं सगळं कळतं. तिकडे विचारायचं नाही आणि सांगायचं नाही. ही शिस्त मला फार जड गेली. अजून जाते.

मग कान तिकडे लावून ऐकायला शिकले. सुरुवातीला ते म्हणायचे, आमची सीझन तिकिटं चार. एका वर्षी ‘तीन घेतली, धाकटी आता ब्रिस्टलला’. म्हणजे मुलगी आहे, आणि शिकायला किंवा नोकरीला बाहेरगावी. पुढे दोन झाली. कोणाचं कमी झालं, ते सांगितलं नाही; मुलाचं लग्न असेल, असं सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं. २०२४ मध्ये टाउन आणखी एक पायरी खाली, लीग वनमध्ये घसरलं तेव्हा मला वाटलं आता तिकिटं बंद. तर त्या वर्षी तीन! नातू चार वर्षांचा झाला होता. माझ्याकडच्या वहीत गुणतक्त्याच्या मागच्या पानावर आता ही तिकिटांची नोंद असते. सासूबाई गुणतक्ता विचारत नाहीत.

१०. जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याशी काय बोलावं हे इंग्रजांनाही कळत नाही. आमच्या खात्यात गेल्या वर्षी एक मुलगा लागला. हुशार, चटपटीत, मॅंचेस्टर सिटीचा भक्त. मॅंचेस्टर कुठे आहे हे नकाशात दाखवताना त्याने बोट स्कॉटलंडवर ठेवलं होतं, पण भक्ती अस्सल. मी रजेवर जाणार म्हणून एका सोमवारी त्याला फोनवर बसवलं. आकाशी जर्सी घालून आला. उल्हासनगरला घेतलेली, आणि तिथल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेलं असतं ते कसं, हा आपल्याकडचा जुना विनोद त्याने हडर्सफिल्डकरांना ऐकवलासुद्धा. उल्हासनगर सिंधी असोसिएशन! पलीकडून हसू आलं म्हणून याला चेव चढला. हालांडचे गोल, गार्डिओलाची चाल, ट्रॉफ्यांची यादी, सगळं सांगितलं.

हडर्सफिल्डकर ऐकून घेत होते. मग त्यांनी अतिशय आपुलकीने विचारलं, ‘तुझे वडील कोणत्या संघाचे?’ मुलगा गांगरला. वडील बदलापूरला, एसटीत कंडक्टर होते, त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, म्हणाला. ‘मग ते काय बघायचे?’ कुस्ती, हा म्हणाला, जत्रेतली. सुट्टी टाकून जायचे, खांद्यावर बसवून मलाही न्यायचे. आणि त्यानंतरची वीस मिनिटं बदलापूर-मुरबाडकडचे आखाडे, माती, नारळाची कुस्ती, वडिलांचा आवडता पैलवान कोण आणि का, यावर गेली. मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होते. याच्या तोंडून यातला एक शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता. शेवटी फोन ठेवता ठेवता पलीकडून आलंच, ‘आणि हो, त्या नव्या लेबलांचा गोंद जरा कमी पडतोय.’ मुलाने ‘ओके सर, नो प्रॉब्लेम’ म्हटलं आणि वही मिटली. मी त्याला तसाच उठवून पॅकिंगला पाठवला.